दिल्लीनं हाकललेली गाडी

११ नोव्हेंबर, सोमवार

गाडी आली. व्यंकटरावानं नांदेडहून स्वतः चालवत आणली आणि दारात उभी करून हॉर्न असा दाबला की समोरच्या म्हशीनं दावं तोडलं. पांढरी डिझेल व्हॅन, वय दहा वर्षं, चारही चाकं जागच्या जागी. दिल्लीत जन्मली, दिल्लीत धावली आणि दहा वर्षं भरल्याबरोबर दिल्लीनं हाकलून दिली, कारण तिथल्या कायद्यानं दहा वर्षांवरचं डिझेल म्हणजे विष. तेच विष जळकोटला आणून उभं केलं की त्याला 'कंडिशनमधली गाडी' म्हणतात. व्यंकटरावाचा धंदाच तो. दिल्लीनं टाकलेल्या गाड्या उचलायच्या, ना हरकतीचा कागद आणायचा आणि मराठवाड्यात एमएच पाटी ठोकून माझ्यासारख्याच्या गळ्यात बांधायच्या.

"आप्पा, दिल्लीवाले नाजूक," तो म्हणाला. "त्यांना सोसंना ते आपल्याला आणखी पाच वरसं सोसतंय. कायद्यानं सोसतंय."

म्हणजे दिल्लीकरांच्या फुप्फुसांना कायदा आहे आणि जळकोटकरांच्या फुप्फुसांना व्यंकटराव आहे. हे वाक्य पूर्वी मी छापलं असतं. पण आमचं साप्ताहिक उन्हाळ्यात बंद पडलं, त्याच्याबरोबर वीस वर्षांचं माझं तिरकस सदर गेलं, आणि संपादक सध्या प्लॉट विकतो. मला जीभ तेवढी उरली आहे. ती रोज कुणाला तरी चावते, म्हणून तिला बांधायला ही वही.

दानम्मानं नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली आणि गाडीभोवती एक फेरी मारली.

"हिला दिल्लीत कुणी ठेवून घेतलं न्हाई म्हणून तुमी आणलाव व्हय?"

"तुलाही तुझ्या बापानं असंच खपवलं होतं."

"माझ्या बापानं खपवलं न्हाई. तुमच्या बापानं तीन खेपा घालून मागून नेलं. माल बघितला, कागद बघितले. तुमचे कुणी बघितले न्हाईत, तीच चूक झाली."

व्यंकटराव हसला. गिऱ्हाइकाची बायको गिऱ्हाइकाला हाणते तेव्हा विकणारा नेहमी हसतो.

१३ नोव्हेंबर

धंदा असा. जळकोट-उदगीरची निम्मी पोरं लातूरला खोल्या करून डॉक्टर व्हायला बसली आहेत. मेसचं जेवून पोरगं नापास होतं, ही इथल्या आयांची श्रद्धा. म्हणून रोज पहाटे भाकरी, आमटी, शेंगाची चटणी असा डबा बांधून एसटीनं लातूरला पाठवायची चाल पडली आहे. पोरं स्टँडवर येऊन आपापला डबा ओळखून नेतात. कधी डबा पुढं सोलापूरला जातो, कधी आमटी कंडक्टरच्या तिकिटांवर सांडते. मी ठरवलं, डबा थेट खोलीच्या दारात द्यायचा. आया तयार आहेत, पण अट घालतात. "दानक्का गाडीत असंल तर देतो," असं माझ्या तोंडावर म्हणतात. वीस वर्षं खरं लिहिलं त्याचं हे फळ.

मागची आसनं काढून दोन्ही बाजूंना फळ्यांचे कप्पे ठोकले. दानम्मा मध्ये, खाली गादीवर बसेल आणि वळणावर डबे धरेल. पुढची सीट मी लातूरला जाणाऱ्या एखाद्या पॅसेंजरला देणार. रिकामी कशाला न्यायची?

आणि एक अक्कल लढवली, जी गाडी बनवणाऱ्या कंपनीलाही सुचली नाही. गाडीच्या तळाला ड्रिलनं चांगली अंगठ्याएवढी भोकं पाडून घेतली. आमटी सांडली की वरून बादलीभर पाणी ओतायचं, सगळं खाली रस्त्यावर. दानम्मा भोकांत डोकावून म्हणाली, "खालची माती दिसून राहिली की."

"बघ मग फुकट. तिकीट लावत न्हाई."

१९ नोव्हेंबर

धंदा सुरू होऊन चार दिवस. डबे वेळेवर, आमटी जागेवर. उदगीर ते नळेगाव रस्त्याचं काम चालू आहे, म्हणजे रस्ता उकरून ठेवला आहे आणि काम दुसरीकडं चालू आहे. धूळ अशी की समोरची एसटी आवाजावरून ओळखावी लागते. म्हणून मागच्या सगळ्या काचा घट्ट बंद आणि फटींत गोणपाट. आयांना मी शब्द दिला आहे की डब्यावर धुळीचा कण बसणार नाही.

पुढं माझी काच मात्र उघडी असते. पान खातो, थुंकायला लागतं.

लातूरला उतरताना दानम्मा डोकं धरून होती. "मागं कोंदून येतंय. एक काच तरी उघडा." तिला समजावलं की शब्द म्हणजे शब्द. ती म्हणाली, शब्द तुम्ही दिलाव, डोकं माझं जाऊन राहिलं.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

धुराचा दाखला काढायला गेलो. स्टँडसमोर आमच्या गल्लीतल्या धम्मानंद गुरुजींच्या थोरल्या मुलीनं, बुद्धप्रियानं, पीयूसीचं केंद्र टाकलंय. पोरगी विष्णुपुरीच्या कॉलेजात इंजिनिअर झाली, पुण्यात नोकरी केली आणि ती सोडून गावाचा धूर मोजायला परत आली. गावात हुशार माणसांची एक जात अशी असते, की जिला सुख दाखवलं की पुरळ येतं. तिची धाकटी बहीण लुंबिनी लातूरला शिकते आणि तिचा डबा आमच्याच गाडीनं जातो, म्हणजे पोरगी माझी गिऱ्हाईक. वाटलं, ओळखीनं होईल.

तिनं सायलेन्सरच्या तोंडात नळी घातली, मला रेस द्यायला लावली, मग गुडघ्यावर बसून गाडीच्या पोटाखाली बघितलं.

"आप्पा, ही नापास."

"तोंडी घे की परत. पोरगी हुशार हाय माझी."

"हसू नका. धूर मागून यायला पाहिजे तितका येईना. मधूनच येऊन राहिला, पोटाखालून. पाईप चिरलाय. मागं काय नेताव?"

"तुझ्या बहिणीचा डबा."

"आणि माणूस?"

"दानम्मा असती."

ती उठून उभी राहिली. "काकूंना मागं बसवू नका. पाईप बदलल्याशिवाय गाडीच काढू नका. सांगून ठेवते."

गिऱ्हाइकासमोर, चार माणसांत, माझ्या पोरीच्या वयाची पोरगी मला सांगून ठेवते. मी म्हणालो, "तुझं मशीन दिल्लीचं हाय का? तिथल्यांनाच ही गाडी विषारी दिसती."

"गाडीही दिल्लीचीच हाय आप्पा," ती म्हणाली. "एकमेकांना वळखत असतील."

जबाब चांगला होता, हे कबूल. मी तिथून निघालो आणि हायवेवरच्या एका टपरीतून दाखला काढला. तिथल्या माणसानं शेजारी उभ्या असलेल्या नव्या जीपच्या नळकांड्यात नळी घातली आणि कागद माझ्या गाडीचा छापला. माझी व्हॅन पहिल्या श्रेणीत पास. पाईपचं नंतर बघू. नवा पाईप घालायचा तर गाडी चार दिवस बसते, आणि चार दिवसांत आया परत एसटीकडं जातात.

२ डिसेंबर, सोमवार

आज प्रदूषण नियंत्रण दिन. उदगीरला पोरांची फेरी निघाली होती, 'हवा वाचवा, जीवन वाचवा'. पुढं डीजेचा ट्रक, ट्रकवर डिझेलचा जनरेटर, आणि त्याच्या काळ्या ढगात मास्क लावलेली चौथीची पोरं. प्रमुख पाहुणे तीन गाड्यांचा ताफा घेऊन आले आणि भाषण संपेपर्यंत तिन्ही गाड्या एसीसाठी चालूच होत्या. मी अर्धा तास त्या कोंडीत अडकलो. साप्ताहिक असतं तर अख्खं पान लिहिलं असतं.

कोंडी सुटून नळेगावला पोचलो आणि दानम्मानं आतून पत्रा वाजवला. उतरून रस्त्याकडेला ओकली. पोटात काहीच नव्हतं, सोमवार तिचा. उपाशी पोटी प्रवास केला की असंच होतं. पुढच्या सीटवरचा पॅसेंजर, एक खतविक्या, म्हणाला, "वैनींना म्होरं बसवा, मी मागं बसतो." भला माणूस. पण सीटचे पैसे घेऊन त्याला मागं डब्यांत कसं बसवायचं? माझ्या शब्दाला काही किंमत आहे.

५ डिसेंबर

डबे भरलेले परत येऊन राहिले. काल सात, आज अकरा. झाकण उघडावं तर भाकरीला हातच लागलेला नाही.

लुंबिनीला विचारलं. ती जिन्यात उभी होती, हातात पुस्तक. "आप्पा, राग मानू नका. भाकरीला ट्रॅक्टरचा वास येतोय. चटणीला पण. आमी धुऊन खाल्ली, तरी येतोय."

भाकरी धुऊन खाणारी पिढी उद्या डॉक्टर होऊन आपल्याला तपासणार आहे. मी तिला म्हणालो, तुमच्या नाकांना नूडल्सची सवय लागली आहे, ज्वारीचा वास विसरलाव तुम्ही. तिनं पुस्तक मिटलं. नंतर हळूच म्हणाली, "काकूंचे डोळे लई लाल दिसून राहिले."

रोज अंधारात उठून घरोघरचे डबे गोळा करणाऱ्या बाईचे डोळे लाल असणार नाहीत तर काय हिरवे असतील?

८ डिसेंबर, रविवार

रविवारी गाडी बंद असते, कारण आया स्वतःच लातूरला जाऊन पोरांना डोळ्यांदेखत जेवू घालतात. आज एक गोष्ट मी बारकाईनं टिपली. आज दानम्माचं डोकं दुखलं नाही. ओकली नाही. सकाळी अंगण सारवलं, दुपारी शेजारणीशी मोठ्या आवाजात भांडली, संध्याकाळी धपाटे करून दोन जास्तच खाल्ले. मागच्या रविवारीही असंच होतं. सोमवार ते शनिवार आजारी आणि रविवारी ठणठणीत. सरकारी नोकरीतली माणसं याच्या बरोबर उलटं करतात, पण रोग तोच. कामचुकारपणा.

तिला हे सांगितलं. तिनं धपाटा तव्यावरून उलथला आणि म्हणाली, "तुमी येवढं बारीक बघताव. एक दिस मागं बसून बघा."

"मग गाडी कोण चालवणार, तू?"

"बैल पण चालवतो गाडी. त्याला पान लागत न्हाई."

१३ डिसेंबर

दानम्मानं काल स्वतः गोणपाट काढून एक काच उघडली. नळेगावच्या अलीकडं धूळ आत आली, उदगीरच्या एका वकिलाच्या पोराच्या डब्यावर बसली. वकिलीणबाईंचा फोन आला. मी काचेला आज दोन स्क्रू मारून टाकले.

बुद्धप्रियाही भेटली, दुधाच्या डेअरीवर. "पाईप बदलला?" मी म्हणालो, दाखला आहे माझ्याकडं. ती म्हणाली, "दाखल्यानं धूर वाचत न्हाई आप्पा. धुराला वाचता येत न्हाई." मग लोकांदेखत म्हणाली की आईनं उद्यापासून लुंबिनीचा डबा एसटीनं पाठवावा असं तिला वाटतं, पण आई म्हणते दानक्का नाराज होईल. म्हणजे माझ्या धंद्याला माझ्याच गल्लीतून सुरुंग. दानम्माच्या पुण्याईवर एक डबा टिकला.

१८ डिसेंबर, बुधवार. लातूर, सकाळी

चहा येईपर्यंत गाडीला टेकून लिहितो. आज थंडी अशी की स्टिअरिंग हाताला चावत होतं. तरीही आजपर्यंतची सगळ्यात सुखाची खेप. नळेगावपासून मागून एक शब्द नाही. ना डोकं, ना काच, ना तुमच्या बापानं. दानम्मा पदर तोंडावर घेऊन कप्प्याला टेकून झोपली आहे. दारं उघडताना दोन हाका मारल्या, 'हं' म्हणाली. म्हटलं झोपू दे, उठली की बोलेल. डबे मीच वाटून राहिलो. तिच्याशिवायही आयांचे डबे पोचतात, हे आज सिद्ध झालं. घरी गेल्यावर सांगणार आहे तिला.

आता एकच डबा उरला, लुंबिनीचा. ती खाली यायला वेळ लावून राहिली. चहा आला.

२१ डिसेंबर

लिहिणार नव्हतो. पण दवाखान्यात बसून दुसरं काही करता येत नाही.

लुंबिनी खाली आली. मी चहाचा ग्लास हातात धरून म्हणालो, घे तुझा डबा मागून, काकूला उठवू नको. तिनं मागचं दार उघडलं आणि "काकू" म्हणाली. मग परत म्हणाली. मग आत चढली. मला वाटलं, डबा सापडेना. ती आतून ओरडली नाही, हे मला अजून आठवतं. तिनं दानम्माला काखेत धरून ओढत बाहेर काढलं, ओट्यावर निजवलं, मान वळवली, तोंड साफ केलं. मी पुढं झालो तर म्हणाली, "आप्पा, तुमी बाजूला व्हा." रस्त्यावरची रिक्षा तिनंच थांबवली. मी गाडी काढतो म्हणालो, तर तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी चावी खिशात घातली.

दवाखान्यातल्या डॉक्टरनं आधी विचारलं, घरात बंद खोलीत शेगडी पेटवली होती का. मी नाही म्हणालो. मग विचारलं, कुठून आलात, कशानं आलात. मी सांगितलं. त्यानं लिहिणं थांबवलं.

"मागं बंद गाडीत? किती दिवस?"

"महिना झाला. पण दिल्लीत अख्खं शहर हेच पिऊन राहिलं डॉक्टरसाहेब."

"दिल्लीत बायकोच्या नाकाला सायलेन्सर कुणी बांधत नाही," तो म्हणाला.

माणूस उर्मट आहे. तक्रार करणार होतो. पण ऑक्सिजन त्याच्याच हातात होता.

दानम्मा दुसऱ्या दिवशी दुपारी नीट शुद्धीवर आली. रक्तात धूर भरला होता, म्हणाले. आणखी अर्धा तास राहिली असती तर, असं म्हणून डॉक्टरनं वाक्य सोडून दिलं. मला अर्धी सोडलेली वाक्यं आवडत नाहीत.

२४ डिसेंबर

घरी आणली. हात थरथरतात, पेला धरताना दोन्ही हात लावते. शब्द मध्येच हरवतात, मीठ म्हणायला जाते आणि थांबते. डॉक्टर म्हणाला, येतील हळूहळू.

बुद्धप्रिया न बोलावता आली. घरात दानम्माजवळ बसली, मग बाहेर येऊन पोतं अंथरलं आणि टॉर्च घेऊन गाडीखाली शिरली. मला वाटलं आता भाषण होणार. खालून तिचा आवाज आला. "आप्पा, गाडीत चढून बघा. माझं बोट दिसतंय का?"

गाडीच्या आत, दानम्माच्या गादीच्या कडेला, एका भोकातून तिचं बोट वर आलं.

"पाईपची चीर याच्याच खाली हाय. ही भोकं कुणी पाडली?"

"आमटीसाठी हायत ती."

ती हसेल असं वाटलं. मी तिच्या जागी असतो तर हसलो असतो, वर एक ओळ लिहिली असती. ती बाहेर आली, हात पुसले, "काकूला रोज उन्हात बसवा" म्हणाली आणि गेली.

चूक कुणाची हे बघायला गेलं तर रस्ता उकरून ठेवणारा ठेकेदार, चिरलेला पाईप विकणारा व्यंकटराव, दिल्लीचं सरकार, टपरीवाला, वकिलीणबाई, अशी मोठी रांग आहे. मी त्या रांगेत कुठं उभा राहतो हे अजून ठरवलं नाही.

२९ डिसेंबर, रविवार

दानम्मा बोलते. शेजारणीशी बोलते, आयांशी बोलते, लुंबिनीशी फोनवर बोलते, काल भाजीवाल्याशी भांडलीसुद्धा, शब्द हरवत हरवत, पण भांडली. माझ्याशी नाही. मला काही सांगायचं असलं तर भिंतीला सांगते. "गोळ्या संपल्यात." भिंत गोळ्या आणते. मीही दोन दिवस भिंतीशीच बोलून बघितलं. भिंतीला विनोद कळत नाही.

डबे परत एसटीनं जाऊन राहिले. गाडी दारात उभी आहे.

३ जानेवारी, शुक्रवार

व्यंकटरावाला फोन केला. शिव्या देणार होतो, दिल्या. त्यानं शांतपणे ऐकून घेतल्या, शिव्या त्याला भांडवलात धरलेल्याच असतात. मग म्हणाला, "गिऱ्हाईक हाय आप्पा. इस्लापूरचं. नवरा-बायको बाजार करतात, मिरची-मसाल्याचा. पाईपाला वेल्डिंगचा टाका मारू, भोकांवर रबरी मॅट. बोलायचं काम माझं. तुमी फक्त सही."

"टाका टिकतो का?"

"इस्लापूरपर्यंत टिकतो."

दिल्लीनं केलं तेच करायचं. आपल्याला नको ते खालच्या गावाला द्यायचं. इस्लापूरजवळच्या सहस्रकुंडाच्या धबधब्याला स्वच्छ हवा भरपूर, थोडा धूर खपून जाईल. आणि ही गाडी दारातून गेली तर घरातलं भिंतीशी बोलणं तरी थांबेल, असा माझा हिशेब. हो म्हणालो.

दानम्मा उन्हात बसली होती. तिनं ऐकलं. भिंतीलाही काही म्हणाली नाही.

८ जानेवारी, बुधवार

गाडी धुऊन पुसून उभी केली. वेल्डिंगचा टाका झाला, मॅट टाकली, वरून व्यंकटरावानं अत्तराची बाटली आत शिंपडली. आतून लग्नाच्या मांडवासारखा वास येत होता.

ग्यानोबा आणि सरजाबाई सकाळीच आले. ग्यानोबा सावध माणूस, चाकाला लाथ मारून बघणारा. सरजाबाई पन्नाशीची, धिप्पाड, तोंडाळ. आल्या आल्या व्यंकटरावाला म्हणाली, "गाडी चांगली असंल तर तुमी कशाला घाम पुसून राहिलाव थंडीत?" मला ती आवडली नाही. इतकं नेमकं बोलणाऱ्या बायांचं कौतुक मी कुणाकुणाचं म्हणून करू.

ग्यानोबा बॉनेटमध्ये डोकं घालून बसला. सरजाबाईनं मागचं दार उघडलं, पायातलं काढून आत चढली. फळ्यांवर हात फिरवला, बसून बघितलं, पाय पसरून बघितले.

"लई ऐसपैस हाय ओ," ती नवऱ्याला म्हणाली. "पोती हिकडं, मी हितं. बाजाराला दोन वाजता निघायचं असतंय, झोप होत न्हाई. किनवट येईपर्यंत मी हितं निवांत झोपत जाईन." आणि तिनं खरंच डोकं कप्प्याला टेकवलं, पदर तोंडावर ओढला, नवऱ्याला दाखवायला. "असं."

व्यंकटरावानं कागद काढले. "आप्पा, हितं सही."

मी म्हणालो, "गाडी विकायची न्हाई."

"काय?"

"न्हाई विकायची. ह्या माणसानं टायरला लाथ मारली. माझ्या मालाला लाथ मारणाऱ्याला मी माल देत नसतो."

ग्यानोबा बॉनेटमधून बाहेर आला. "आवो, बगून घ्यायचं न्हाई का?"

"बघायला डोळे असतात. उतर बाई खाली. उतर म्हणतो न्हवं."

सरजाबाई उतरली, पण जे बोलली ते वहीत लिहिण्यासारखं नाही. दोन शिव्या मला नव्या होत्या. ग्यानोबानं तिला हाताला धरून रस्त्यापर्यंत नेलं. व्यंकटराव माझ्या कानाशी लागला. "आप्पा, डोकं फिरलं का? मी दुसरा बघू का, हदगावचा हाय एक."

"हदगावच्यालाही सांग, आप्पा गिऱ्हाइकाला मारायला धावतो."

"मग ठेवा दारात आन् पूजा करा तिची," म्हणून तो स्टँडकडं गेला.

दुपारी उदगीरहून भंगारवाल्याला बोलावलं. तो पत्र्यावर नखानं टकटक करत फिरला. उद्या गॅस कटर आणून जागच्या जागी तुकडे करतो म्हणाला. मी त्याला दोनदा विचारलं, तुकडेच ना. तो म्हणाला, "आप्पा, आख्खी नेली तर भाव जास्त देतो." नको म्हणालो.

तो गेल्यावर मी पायरीवर बसलो. दानम्मा दारात उभी होती. किती वेळ होती, माहीत नाही.

"का दिली न्हाई?"

भिंतीला नव्हतं. मला विचारलं होतं.

"माणूस पटला न्हाई."

"खोटं." थोडा वेळ ती शब्द शोधत राहिली. "माणूस न्हाई. ती बाई. ती मागं... मागं झोपते म्हणाली, म्हणून दिली न्हाई तुमी."

"मिरचीचा वास लागला असता गाडीला."

ती गाडीकडं बघत राहिली.

"तिला बघून लगेच कळलं तुमाला," ती म्हणाली. "मी महिनाभर त्याच जागी बसले."

हे भांडणाच्या सुरात म्हटलं असतं तर मला भांडता आलं असतं. ती दाराला धरून हळूहळू आत गेली. आत तिनं परातीत पीठ घेतलं आहे, थरथरत्या हातांनी भाकरी थापून राहिली, थापा एकसारख्या पडत नाहीत.

वीस वर्षं तालुक्यातल्या प्रत्येकाला मी जबाब दिला, आमदारापासून न्हाव्यापर्यंत. वही घेऊन बसलो की जबाब आपोआप यायचा. आज दिवा लावायची वेळ झाली तरी पेन तसंच धरून बसलो आहे, आणि आतली तिसरी भाकरी तव्यावर पडली.